समकालीन रोमान्स कादंबरी वाचताना रंगत कशाने येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमान्स कादंबऱ्या मी मनापासून वाचते आणि त्यांच्याविषयी तितक्याच मनापासून बोलते. त्यामुळे काही प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात: काही नव्या वाचकांचे, काही लिहू पाहणाऱ्यांचे, तर काही या प्रकाराकडे जरा संशयाने बघणाऱ्यांचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

रोमान्स कादंबरी नेमकी कशाला म्हणायचं? प्रेम तर सगळ्याच कादंबऱ्यांत असतं.

कथेत प्रेम असणं वेगळं आणि कथाच प्रेमावर उभी असणं वेगळं. दोघांचं नातं कथेतून उचलून बाजूला ठेवून बघा. उरलेलं पुस्तक तरीही चालत असेल, त्यातला खून उलगडत असेल किंवा युद्ध जिंकलं जात असेल, तर ती रोमान्स नव्हे. रोमान्समधून नातं काढलं की हातात काही उरत नाही.

1980 साली स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने केलेली व्याख्या बरीच वापरली जाते. तिच्यात दोनच अटी आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा व आशादायी हवा. 'समकालीन' म्हणजे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या काळात घडणारी कथा. 1813 साली जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' प्रसिद्ध झाली. आज ती आपण जुन्या काळातली गोष्ट म्हणून वाचतो, पण ऑस्टेन आपल्या अवतीभवतीच्या माणसांविषयीच लिहीत होती. तिच्या पहिल्या वाचकांसाठी ती समकालीनच होती.

शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं. मग वाचायचं कशासाठी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि मला वाटतं या प्रकाराचं सगळं मर्म याच्याच उत्तरात आहे.

रहस्यकथेत शेवट झाकलेला असतो, त्यामुळे आपलं लक्ष सारखं शेवटाकडे धावतं. रोमान्समध्ये शेवट पहिल्या पानापासून उघडा असतो. 'काय होणार' ही काळजी नसल्यामुळे लक्ष मोकळं होतं आणि दोन माणसांमधल्या अगदी बारीक हालचालींवर जाऊन बसतं. कोणी कुणाकडे किती वेळ पाहिलं, कोणी कोणतं वाक्य अर्ध्यावर सोडलं, 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कुठे झालं. दुसऱ्या कुठल्या कादंबरीत आपण एवढ्या-एवढ्याशा गोष्टींवरून पान उलटणार नाही. इथे उलटतो, कारण ते दोघं एकत्र येणार हे माहीत असतं आणि कसे येणार हे अजिबात माहीत नसतं.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राला हे पक्कं ठाऊक होतं. त्यात शृंगाराचे दोन भाग केले आहेत: मिलनाचा तो संभोग आणि विरहाचा तो विप्रलंभ. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभाचे चार प्रकार सांगितले: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. पूर्वराग म्हणजे मिलनाआधीची ओढ. मान म्हणजे रुसवा. प्रवास म्हणजे एकाने दूर जाणं. करुण म्हणजे जोडीदार कायमचा गेला असं होऊनही पुनर्भेटीची आशा उरलेली असणं. आता तुम्ही वाचलेली कुठलीही आजची रोमान्स आठवा. पहिला बराचसा भाग पूर्वरागात जातो. मधली नोकझोक म्हणजे मान. दुसऱ्या शहरातली नोकरी म्हणजे प्रवास. आणि शेवटाआधी एक प्रकरण असं येतंच, जिथे सगळं संपलं असं वाटतं.

याच परंपरेत एक श्लोक आहे. विरहावाचून मिलन पुष्ट होत नाही, असं तो सांगतो आणि दाखला देतो रंगाऱ्याचा: कापडाला आधी कषाय, म्हणजे तुरट काढा, दिलेला असला, की त्यावर रंग अधिक गडद चढतो. संस्कृतात 'राग' म्हणजे रंगही आणि प्रेमही. माझ्या मते रंगलेल्या रोमान्सचं याहून नेमकं वर्णन नाही. आपण पुस्तकभर त्या कषायाचे हात चढताना बघत असतो.

दोघांमधली 'केमिस्ट्री' कागदावर कशी उतरते?

विशेषणांनी उतरत नाही, एवढं नक्की. 'त्याच्या खोल डोळ्यांत ती हरवून गेली' हे वाक्य कुठल्याही जोडीला चालतं, म्हणूनच ते कुठल्याच जोडीचं नसतं. वाचकाला आकर्षण जाणवतं ते एका माणसाने दुसऱ्याची फक्त त्याचीच असलेली गोष्ट टिपल्यावर.

एक उदाहरण रचून दाखवते. नायिकेला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तिने ते ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही. मीटिंगमध्ये ती नेहमी टेबलाच्या डाव्या टोकाला बसते, म्हणजे सगळे तिच्या उजवीकडे येतात. नायक नवीन आहे. त्या दोघांचं पटत नाही, एका कामावरून चांगलीच खडाजंगी झालेली आहे. अकराव्या प्रकरणात सगळे जेवायला बाहेर गेलेत, जागा मिळेल तसं बसायचं आहे. तो येतो, तिच्या डाव्या हाताची रिकामी खुर्ची बघतो, तिथे न बसता वळसा घालून उजवीकडे जातो आणि बसलेल्या सहकाऱ्याला म्हणतो, "जरा सरकता का?" बस, एवढंच. त्यानंतर तो तिच्याशी बोलतसुद्धा नाही, मेनूकार्ड वाचत राहतो. पण तिचा हात पाण्याच्या ग्लासावर थांबलेला असतो, कारण तिच्या लक्षात येतं की याला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे, हे ती आठवू लागते. वाचकही तिच्यासोबत मागची पानं आठवू लागतो.

या प्रसंगात स्पर्श नाही, स्तुती नाही, 'प्रेम' हा शब्द नाही. एका माणसाचं दुसऱ्याकडे किती लक्ष आहे याचा हा पुरावा आहे. असे चार-पाच पुरावे कादंबरीभर नीट अंतरावर पेरले की केमिस्ट्रीची वेगळी खटपट करावी लागत नाही.

नायक देखणा आणि श्रीमंत असायलाच हवा का?

नाही. पैसा कथेच्या सोयीचा असतो. घरभाडं, रजा, प्रवास हे प्रश्न तो चुटकीसरशी मिटवतो आणि दोघांना एकत्र राहायला वेळ मिळतो. पण तेच प्रश्न जिवंत ठेवले तर कथेला जमीन मिळते. देखणेपणाचं म्हणाल, तर तो बघणाऱ्याच्या नजरेतून आला तरच उपयोगाचा. तिला त्याची मनगटं का आवडतात हे मला कळलं, तर तो मला देखणा दिसू लागतो.

अडथळा कसा असावा? 'एकदा बोलले असते तर मिटलं असतं' असं वाटून वैताग येतो.

वैताग येणं अगदी रास्त आहे. अमेरिकी अभ्यासक पामेला रेजिस यांनी 2003 साली रोमान्स कादंबरीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी या प्रकाराला आवश्यक असे आठ घटक सांगितले. पहिली भेट, आकर्षण, प्रेमाची कबुली यांच्या जोडीला अडथळा हा त्यातलाच एक. म्हणजे अडथळा टाळता येत नाही. प्रश्न फक्त तो कुठे ठेवायचा हा.

पूर्वी तो बाहेर ठेवणं सोपं होतं. घरच्यांचा नकार, वर्गभेद, हरवलेलं पत्र. आज पत्र हरवत नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि निरोप पोचल्याची खूणही दिसते. त्यामुळे 'तिने त्याला दुसऱ्या मुलीसोबत पाहिलं आणि ती निघून गेली' यावर पुढची शंभर पानं चालवली, तर वाचक पुस्तक मिटतो. तो विचारतो, अगं, एक फोन कर ना.

खरा अडथळा तो, ज्यामुळे तो फोन हातात असूनही करता येत नाही. समजा, नायिका अशा घरात वाढली जिथे काही मागणं म्हणजे ओझं होणं. तिला 'थांब' म्हणता येत नाही. तो परगावची नोकरी घ्यायची का म्हणून तिला विचारतो, ती हसून म्हणते, "घे ना, छान संधी आहे." नायकाला आयुष्यभर वाटत आलंय की आपण कुणाला फारसे नको असतो. त्याला तिच्या त्या वाक्यात नेमकं तेच ऐकू येतं. इथे दोघं बोललेत, स्पष्ट बोललेत, आणि तरी गाठ बसली. ही गाठ एका संभाषणाने सुटत नाही, कारण ते संभाषण करता येण्यासाठी दोघांनाही आधी थोडं बदलावं लागतं. त्या बदलण्याचीच कथा आपण वाचत असतो.

फोनमुळे अडथळे गेले असं म्हणतात, पण मला तर त्यात नवी जागा दिसते. रात्री एक वाजता पडद्यावर 'टाइप करत आहे' उमटतं, जातं, पुन्हा उमटतं, आणि शेवटी निरोप येतो: 'झोप.' खोडलेली वाक्यं काय असतील याचा विचार करत नायिका जागी राहते. हरवलेल्या पत्राइतकीच ताकद आहे त्यात.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एकूण 61 प्रकरणं आहेत आणि नायक डार्सी पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो ती चौतिसाव्यात. म्हणजे कबुली पुस्तकाच्या जवळजवळ मध्यावरच येते, आणि नायिका एलिझाबेथ त्याला ठाम नकार देते. तिथून पुढे अडथळा हा, की दोघांनाही आपण समोरच्याला आणि स्वतःला चुकीचं वाचलं हे मान्य करायचं आहे. दोनशे वर्षं उलटली तरी ही रचना शिळी झालेली नाही.

'शत्रू ते प्रेमी', 'खोटं नातं', 'एकच पलंग' हे ट्रोप म्हणजे घासून गुळगुळीत झालेले साचेच ना?

साचे आहेतच, पण ते टिकलेत कारण प्रत्येकात एक यंत्र दडलेलं आहे. खोट्या नात्यात दोघांना हात धरायची परवानगी मिळते आणि त्याचा अर्थ काय हे बोलायची मिळत नाही. एकच पलंग असलेली खोली दिवसभराची कवचं उतरवायला लावते; झोपेत माणूस कसा दिसतो हे फार थोड्यांना माहीत असतं. शत्रूंचं तर विचारूच नका. ज्याचा राग येतो त्याच्याकडे आपलं पूर्ण लक्ष असतं, त्याच्या सवयी पाठ असतात, त्याची चूक कुठे होणार हे आपल्याला आधी कळतं. प्रेमाला लागणारं सगळं साहित्य तिथे जमलेलंच असतं.

ट्रोप फसतो तो लेखकाने यंत्र न वापरता नुसतं नाव वापरल्यावर. शत्रू म्हणवणारे दोघं तिसऱ्या प्रकरणात एकमेकांकडे बघून लाजायला लागले, तर ते शत्रू कधी नव्हतेच.

संवाद खुसखुशीत असले म्हणजे झालं का?

टोमण्याला टोमणा देणं सोपं आहे. वाचताना मी एकच गोष्ट बघते: दोघं एकमेकांचं ऐकतायत का? चांगल्या संवादात दुसरं वाक्य पहिल्यातून उगवतं.

"झोपली नाहीस अजून?"
"पुस्तक वाचत होते."
"कितव्या पानावर आलीस?"
"काल होते त्याच."

चार ओळी. यात विनोद नाही, चमकदार शब्द नाही. पण तिने कबूल केलं आहे आणि त्याला कळलं आहे. इथे लेखकाने 'ती त्याची वाट पाहत होती' असं पाचवं वाक्य जोडलं तर सगळं पाण्यात जातं. वाचकाला दिलेली जागा परत काढून घेऊ नये.

कथा एकाच्या नजरेतून असावी की दोघांच्या?

बराच काळ ती प्रामुख्याने नायिकेच्याच नजरेतून सांगितली जायची. आता एक प्रकरण तिचं, एक त्याचं, दोन्ही प्रथमपुरुषी, ही पद्धत फार दिसते. दोन्ही बाजू कळल्या की वाचकाला एक वेगळं सुख मिळतं: त्यांना जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असतं. तो तिच्यावर जीव टाकतोय हे कळलेलं असताना तिचं 'त्याला मी अजिबात आवडत नाही' वाचणं गोड छळ असतो.

तरी माझा कल एकाच नजरेकडे आहे. वरच्या खुर्चीच्या प्रसंगात नायकाचं मन आधीच उघडलेलं असतं, तर तिच्या हाताबरोबर माझा हात थांबला नसता. दोन नजरा वापरायच्या तर दोन आवाज खरोखर वेगळे हवेत. प्रकरणावरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय हे पहिल्या परिच्छेदात कळलं पाहिजे.

शारीरिक जवळीक किती असावी?

याचं माप नाही. काही कादंबऱ्या शयनगृहाच्या दारापाशी थांबतात, काही आत जातात. दोन्ही उत्तम असू शकतात. मी एवढंच बघते की त्या प्रसंगानंतर दोघांमध्ये काही बदललं का. कोणी काही उघड केलं, कोणी घाबरलं, कोणी पहिल्यांदा मागितलं? तो प्रसंग वगळूनही कथा तशीच कळत असेल, तर तो लांबला आहे. आणि उलटही तेवढंच खरं: जिथे सगळा ताण देहाच्या ओढीवर उभा केला आहे, तिथे ऐन वेळी पडदा टाकला तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

हुकूम गाजवणारा, मत्सरी नायक आजही का लोकप्रिय आहे? ते खटकत नाही का?

मला खटकतं, आणि ते सांगायला मी कचरत नाही. 1970च्या दशकातल्या अनेक लोकप्रिय रोमान्समध्ये नायकाची जबरदस्ती हे प्रेमाचं लक्षण म्हणून यायचं. आजची बरीच लेखकमंडळी संमतीचा प्रश्न कथेच्या आत आणतात, आणि त्याने रंग कमी होत नाही. "चालेल का?" असं विचारून उत्तरासाठी थांबलेला माणूस या कादंबऱ्यांतला सगळ्यात ताणलेला क्षण देऊ शकतो.

पण वाचकांना अशा नायकात काय सापडतं तेही समजून घ्यायला हवं. कुणाच्या तरी जगात आपण सगळ्यात महत्त्वाचे आहोत, ही ती भूक असते. ती भूक खरी आहे. फोन तपासणारा, मैत्रिणींना भेटू न देणारा नायक ती भागवतो असं वाटतं, पण त्याचं लक्ष तिच्याकडे नसतंच. ते स्वतःच्या भीतीकडे असतं. तिला चहा कसा लागतो हे त्याला तिनशे पानांनंतरही माहीत नसतं.

शेवटाआधीचा दुरावा इतका ओढूनताणून आणलेला का वाटतो?

कारण बऱ्याचदा तो तसाच असतो. रेजिस यांच्या आठ घटकांत याला जागा आहे. आता हे नातं जगणारच नाही असं वाटायला लावणारा तो क्षण. तो आला पाहिजे म्हणून आणला की आपल्याला शिवण दिसते. कालपर्यंत समजूतदार असलेला माणूस एकाएकी मूर्खासारखा वागतो.

हा दुरावा पटतो तो पहिल्या प्रकरणांतल्या जखमेतून आल्यावर. मघाशी म्हटलं त्या नायिकेने शेवटी 'थांब' न म्हणता सामान बांधायला मदत केली, तर मला तिचा राग येत नाही, तिच्यासाठी गलबलून येतं. ती असंच करणार हे मला ठाऊक होतं आणि तिने करू नये म्हणून मी जीव मुठीत धरून वाचत होते.

त्यानंतरची माफी हा वेगळाच विषय. विमानतळावर धावत जाणं, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसणं, हे डोळ्यांना भरतं. पण ज्याने दुखावलं त्याला नेमकं काय दुखलं हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. 'मला माफ कर, मी चुकलो' यात काहीच नाही. 'तू मला तीनदा विचारलंस आणि मी तीनदा विषय बदलला' यात सगळं आहे, कारण त्याने ते मोजलं होतं.

शेवट लग्नानेच व्हायला हवा का?

नाही. वाचकांमध्ये दोन शब्द रूढ आहेत: 'हॅपिली एव्हर आफ्टर' आणि 'हॅपी फॉर नाऊ'. पहिल्यात आयुष्यभराची खात्री, दुसऱ्यात आत्तापुरती. बावीस वर्षांच्या दोघांना मला दुसरा शेवट जास्त पटतो. पाच वर्षांनंतरचं बाळ दाखवणारा उपसंहार आवडत असेल तर जरूर वाचा. मी बहुधा तिथे थांबत नाही.

पात्रांच्या नोकऱ्या, मित्र, घरचे यांना किती जागा द्यावी?

वाटतं त्यापेक्षा जास्त. काम म्हणजे माणूस कुणी बघत नसताना कसा असतो ते. नायिका नर्स असेल तर रात्रपाळी संपल्यावर तिचे पाय कुठे दुखतात हे मला कळायला हवं, कारण तो तिला कुठल्या वेळी काय विचारतोय याला मग वजन येतं. मैत्रीण फक्त 'तो तुला आवडतो ना?' विचारण्यापुरती आली तर ती पात्र नव्हे.

हे हलकं साहित्य आहे असं म्हणतात. त्यांना काय सांगायचं?

जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने 1984 साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्यांनी नेमाने रोमान्स वाचणाऱ्या अमेरिकी स्त्रियांशी सविस्तर बोलून घेतलं. त्या स्त्रियांसाठी कथेइतकंच वाचण्याचं कृत्यही मोलाचं होतं: दिवसभर घरातल्या सगळ्यांचं करणाऱ्या बाईने पुस्तक उघडलं की तेवढा वेळ तिचा. स्वतःच्या वाट्याला लक्ष येणं काय असतं, हे या वाचकांना समजावून सांगावं लागत नाही. आणि वाईट कादंबऱ्या तर प्रत्येक प्रकारात असतात.

शेवट माहीत असलेलं पुस्तक पुन्हा कसं वाचवतं?

पहिल्या खेपेस आपण नायिकेच्या वेगाने वाचतो, दुसऱ्या खेपेस नायकाच्या. अकराव्या प्रकरणातली ती खुर्ची माहीत असताना चौथं प्रकरण पुन्हा उघडा. त्यात दोघांचं कडाक्याचं भांडण आहे, आणि पहिल्या वाचनात आपण भांडणच वाचलेलं असतं. मध्येच एक वाक्य आहे: 'तो खिडकीपाशी उभा होता, बोलता बोलता टेबलाला वळसा घालून पलीकडे आला.' तेव्हा वाटलं होतं, तो चिडून येरझाऱ्या घालतोय.